घोडं अडतं सुट्या भागापाशी

अमेरिकेत, कॅलिफोर्नियामध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं काहीतरी. तिथं फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरातून एक कच्चा रस्ता खाली येतो. तीन-सव्वातीन किलोमीटरच्या अंतरात तो सुमारे चारशे मीटर उतरतो. १९७६ सालच्या ऑक्टोबर महिन्यात काही तरुणांनी या रस्त्यावर जुन्या, जाड टायरच्या सायकलींची शर्यत लावली. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असे, पायडल उलटं दाबलं की लागणारा. उतार संपेपर्यंत हा हब इतका तापायचा, की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. खाली पोचल्यावर पहिलं काम काय, तर हब उघडायचा, पुसायचा आणि नवं ग्रीस भरायचं. पुन्हा भरणं याला इंग्रजीत 'रिपॅक' म्हणतात. त्या उताराला आणि त्या शर्यतीला तेच नाव पडलं.

जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली ही या शर्यतींमधली मंडळी. आज ज्या सायकलीला आपण माउंटन बाइक म्हणतो, ती यांच्या आणि यांच्यासारख्यांच्या हातांनी घडली. म्हणजे पाहा, या खेळाचं पहिलं बारसं झालं तेच मुळी दुरुस्तीवरून. सायकल चालवायची म्हणजे ती उघडायचीही, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं.

आज, जवळजवळ पन्नास वर्षांनंतर, ही सायकल फार पुढे गेली आहे. तिचा ब्रेक तेलाच्या दाबावर चालतो, पुढच्या चाकाला मोटारसायकलीसारखं सस्पेन्शन असतं, मागच्या बाजूला एकच एक बारा दातेरी चक्रांचा जुडगा असतो. वरच्या दर्जाच्या नुसत्या पुढच्या फोर्कची किंमत आपल्याकडे एखाद्या साध्या मोटारसायकलीइतकी होते. आणि तरीही ही सायकल कधी कधी महिनोन्‌महिने भिंतीला टेकून उभी राहते. का? तर करंगळीच्या नखाएवढं एक रबरी सील मिळत नाही म्हणून. घोडं अडतं ते सुट्या भागापाशी. ते का अडतं आणि अडू नये म्हणून काय करता येईल, हे आज जरा नीट समजून घेऊ.

सुरुवात आपल्या ओळखीच्या सायकलीपासून करू. दूधवाल्याची, पोस्टमनची ती काळी सायकल डोळ्यांसमोर आणा. चाक अठ्ठावीस बाय दीड इंच. मागच्या हबमध्ये पाव इंची छर्रे. कुठल्याही कंपनीची सायकल असो, पंढरपूरला बिघडली तरी तिचा भाग मिळतो आणि परभणीला बिघडली तरी मिळतो. "काका, छर्रे आणि कोन द्या," एवढं म्हटलं की दुकानदार मागे न बघता डब्यात हात घालतो. ही सोय सायकल साधी आहे म्हणून झाली, असं आपल्याला वाटतं. ते अर्धंच खरं आहे. खरं कारण म्हणजे मापं बदलली नाहीत. माप एकच राहिलं की भाग करणारे अनेक होतात, विकणारे अनेक होतात आणि दुरुस्ती करणाऱ्याचा हातही बसतो.

माउंटन बाइकच्या बाबतीत नेमकं उलट झालं. चाकाचंच बघा. आधी सव्वीस इंची, मग एकोणतीस इंची, मग साडेसत्तावीस इंची. रिमवर जिथं टायर बसतो तिथला व्यास अनुक्रमे ५५९, ६२२ आणि ५८४ मिलिमीटर. एकाचं टायर दुसऱ्याला बसणार नाही. मागच्या हबची रुंदी आधी १३५ मिलिमीटर होती, मग १४२ झाली, २०१४ च्या सुमारास १४८ आली. १५७ मिलिमीटरचाही प्रकार आहे. सीटखालच्या दांड्याचा व्यास २७.२ असू शकतो, ३०.९ असू शकतो, ३१.६ किंवा ३४.९ सुद्धा असू शकतो. ३०.९ आणि ३१.६ मधला फरक डोळ्यांना दिसत नाही, पण एकाच्या जागी दुसरा दांडा जात नाही.

हे सगळं कंपन्यांनी केवळ खोडसाळपणे केलं असं म्हणणं अन्यायाचं होईल. हब रुंद केला की चाकाच्या तारा जास्त कोनात बसतात आणि मोठं चाक मजबूत होतं. फायदा खरा आहे. पण दर वेळी माप बदललं, की आधीच्या मापाची सायकल थोडी थोडी पोरकी होत जाते. दुकानदार जुन्या मापाचा माल ठेवेनासा होतो. म्हणून महागडी सायकल घेणाऱ्यानं एक गोष्ट मनाशी पक्की धरावी. आपण नुसता भाग विकत घेत नाही, त्या भागाचं पुढच्या पाच-सात वर्षांचं पोटपाणीही विकत घेतो. ते कुठून येणार, हा प्रश्न खरेदीच्या आधीचा आहे. भाग मोडल्यावर तो विचारून उपयोग नसतो.

आता एकेका भागाकडे वळू. सगळ्यात सोपी आणि दिलासा देणारी गोष्ट म्हणजे बेअरिंग. आजच्या महागड्या हबमध्ये बहुतेक वेळा सुटे छर्रे नसतात. बंद बेअरिंग असतं. आणि हे बेअरिंग सायकल कंपनीचं खास असं क्वचितच असतं. त्याच्या कडेवर बारीक अक्षरात आकडा लिहिलेला असतो. समजा ६९०२ लिहिलं आहे. त्याचा अर्थ आतला व्यास १५, बाहेरचा २८ आणि जाडी ७ मिलिमीटर. ६८०२ असेल तर १५, २४ आणि ५. पुढे '२आरएस' असेल तर दोन्ही बाजूंना रबरी झाकण. हे आकडे जगभर सारखे आहेत. पंप, मोटारी, कारखान्यातली यंत्रं, सगळीकडे हीच भाषा चालते. त्यामुळे परदेशी हबचं बेअरिंग पुण्या-नाशिकच्या, कोल्हापूरच्या बेअरिंगच्या दुकानात मिळू शकतं, तेही नामांकित कंपनीचं. एक खबरदारी मात्र घ्या. मागचं चाक ज्या सांध्यांवर वरखाली होतं, त्या फ्रेमच्या सांध्यांमध्ये पुष्कळदा वेगळं बेअरिंग असतं. त्यात छर्रे वेगळे ठेवणारी जाळी नसते, सगळी जागा छर्र्यांनीच भरलेली असते. ते सतत फिरण्यासाठी नसतं, थोड्याशा हालचालीत मोठा भार पेलण्यासाठी असतं. तिथं साधं बेअरिंग बसतं खरं, पण लवकर खचतं. तेव्हा नुसता आकडा नको, आकड्यापुढची अक्षरंही उतरवून घ्या.

दुसरा भाग म्हणजे पुढचा फोर्क. आपले सायकलवाले त्याला चिमटा म्हणतात. सस्पेन्शनच्या फोर्कमध्ये वरच्या दोन गुळगुळीत नळ्या खालच्या दोन नळ्यांमध्ये सरकतात. एका बाजूला दाबलेली हवा असते, ती स्प्रिंगचं काम करते. दुसऱ्या बाजूला तेल असतं. ते बारीक छिद्रांतून आणि पातळ चकत्यांमधून ये-जा करतं, त्यामुळे फोर्क उसळत राहत नाही. तळाशी थोडं तेल वंगणासाठी असतं. आणि नळी जिथं आत शिरते तिथं एक रबरी ओठ असतो. बाहेरची धूळ आत जाऊ द्यायची नाही आणि आतलं तेल बाहेर येऊ द्यायचं नाही, हे त्याचं काम. हा ओठ झिजला की धूळ आत जाते. धूळ आणि तेल मिळून पॉलिश कागदासारखं काम करू लागतात आणि नळीवरचा कठीण थर खरवडला जातो.

रॉकशॉक्स ही कंपनी आपल्या बऱ्याच फोर्कसाठी सांगते, की ५० तास चालवल्यावर खालच्या नळ्या काढून साफ करा, तेल बदला. २०० तासांनी फोर्क पूर्ण उघडा. फॉक्स कंपनी साधारण १२५ तास किंवा एक वर्ष म्हणते. ५० तास म्हणजे किती? दर रविवारी पाच तास डोंगरात गेलात तर दहा रविवार. दिवाळीनंतर सुरुवात केली तर होळीच्या आधीच पहिली सफाई. महाबळेश्वर-पाचगणीकडची जांभ्याची लाल धूळ किंवा मावळातला पावसाळी चिखल असेल तर त्याहूनही लवकर.

इथं पैशाचा हिशेब समजून घ्यायला हवा. सील आणि तेल हा खर्च फोर्कच्या किमतीच्या मानानं अगदी किरकोळ आहे. पण तो टाळला आणि नळी खरवडली गेली तर काय होतं? बहुतेक फोर्कमध्ये वरच्या नळ्या, त्यांना जोडणारा आडवा भाग आणि हँडलकडे जाणारा दांडा हे कारखान्यात दाबून एकत्र बसवलेले असतात. नुसती एक नळी बदलता येत नाही, सगळा जोडच घ्यावा लागतो. तो इतका महाग असतो, की जुन्या फोर्कसाठी घ्यावा की नाही याचाच विचार पडतो. शिवाय त्या मॉडेलचा जोड अजून बनतो का, हा प्रश्न वेगळाच. छोट्या भागाची हयगय मोठ्या भागाच्या मुळावर येते, ती अशी.

तिसरा भाग म्हणजे ब्रेक. इथं तर प्रश्न पैशाचा राहत नाही, हातापायांचा होतो. तेलाच्या ब्रेकमध्ये दोन पंथ आहेत. शिमानो, मॅगुरा या कंपन्या खनिज तेल वापरतात. होपसारख्या कंपन्या मोटारीत घालतात ते डॉट प्रकारचं ब्रेक ऑइल वापरतात. स्रॅम कंपनीचे ब्रेक वर्षानुवर्षं डॉटवर चालत आले, पण तिचाच २०२४ मध्ये आलेला मेव्हन हा ब्रेक खनिज तेलावर चालतो. म्हणजे नुसतं कंपनीचं नाव सांगून भागत नाही, मॉडेलही सांगावं लागतं. दोन्ही तेलं एकमेकांच्या जागी चालत नाहीत, कारण आतलं रबर वेगळं असतं. डॉटसाठी ईपीडीएम नावाचं रबर लागतं. ते खनिज तेलात भिजलं की फुगतं आणि पिस्टन अडकतो. खनिज तेलासाठी नायट्राइल रबर असतं, त्याला डॉट सोसत नाही. आता गंमत अशी, की हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी काळी रिंग आणि ब्रेकमधली काळी रिंग मापानं, रंगानं अगदी जुळ्या बहिणी दिसतील. पण ताम्हिणीच्या उतारावर त्यांतली एक दगा देईल. म्हणून ब्रेकच्या सीलच्या बाबतीत "बसतंय ना, मग चालेल" हे वाक्य कानांवर आलं, तर तिथून सायकल उचलावी.

ब्रेकवरूनच आणखी एक महत्त्वाचा भेद लक्षात येतो. काही कंपन्या उघडता येणारा माल करतात, काही बदलायचा माल करतात. इंग्लंडमध्ये लँकशायरमधल्या बार्नोल्ड्सविक गावी होप टेक्नॉलॉजी ही कंपनी १९८९ पासून आहे. तिच्या ब्रेकचा पिस्टन, सील, लिव्हरमधलं रबर असं सगळं सुटं विकत मिळतं. जपानमधल्या साकाई शहरातली, १९२१ साली सुरू झालेली शिमानो ही या धंद्यातली सगळ्यात मोठी कंपनी. तिचा ब्रेक उत्तम. पण चाकाजवळच्या कॅलिपरमधली सील ती सुटी विकत नाही. तिथून तेल गळू लागलं की आख्खा कॅलिपर बदलायचा. यात चांगलं कोण, वाईट कोण? सरळ उत्तर नाही. शिमानोचा आख्खा कॅलिपर पुष्कळ ठिकाणी मिळतो आणि तुलनेनं स्वस्त पडतो. होपचा ब्रेक महाग, पण पुन्हा पुन्हा उभा करता येतो. मात्र त्याचे भाग मागवावे लागतात आणि वाट पाहावी लागते. मुद्दा एवढाच, की आपण यातलं काय घेतोय हे घेताना माहीत असावं.

चौथा भाग सगळ्यात लहान, आणि सहल फसवण्यात सगळ्यात पटाईत. मागचा गिअर बदलणारा जो डिरेलर असतो, तो फ्रेमला थेट लावलेला नसतो. मध्ये ॲल्युमिनियमचा एक छोटा तुकडा असतो, त्याला हँगर म्हणतात. तो मुद्दाम नरम ठेवतात. सायकल दगडावर आदळली तर हा तुकडा वाकतो किंवा मोडतो आणि फ्रेम वाचते. घरातल्या फ्यूजसारखंच काम. अडचण अशी, की प्रत्येक कंपनीनं, कधी कधी प्रत्येक मॉडेलसाठी, हँगरचा आकार वेगळा केला. असे शेकडो आकार झाले. २०१९ मध्ये स्रॅमनं सगळ्यांना चालेल असा एकच हँगर आणला आणि फ्रेम बनवणाऱ्या इतर कंपन्यांनाही तो वापरायला मोकळीक दिली. आज अनेक नव्या फ्रेम त्याच मापाच्या येतात. नवी सायकल घेताना हे एकच विचारलं तरी पुढची बरीच डोकेदुखी वाचेल. आणि सायकल जुनी असेल, तर तिच्या मापाचे दोन हँगर आजच घेऊन ठेवा. एक घरात, एक पाठीवरच्या पिशवीत. ते मिळतात तोवर घ्यायचे असतात.

हे झालं काय बिघडतं त्याबद्दल. आता मागायचं कसं ते पाहू. इथं निम्मी लढाई भागाचं नाव कळण्यात आहे. दुकानात किंवा कंपनीच्या सेवा केंद्रात जाऊन "मागून कटकट आवाज येतोय" म्हटलं तर समोरचा माणूस तरी काय करणार? पण भागावर त्याची कुंडली लिहिलेली असते. शिमानोच्या भागावर बारीक अक्षरात 'आरडी-एम८१००' असं काही कोरलेलं दिसेल. आरडी म्हणजे मागचा डिरेलर, एफसी म्हणजे क्रँक, बीआर म्हणजे ब्रेक, एसएल म्हणजे गिअर बदलायचा लिव्हर, एफएच म्हणजे मागचा हब. एम म्हणजे माउंटन बाइकचा. पुढचा आकडा पिढी आणि दर्जा सांगतो. हा क्रमांक मिळाला, की कंपनीच्या संकेतस्थळावर त्या भागाची उलगडलेली आकृती सापडते. प्रत्येक स्क्रू, वॉशर, झाकण वेगवेगळं मांडलेलं आणि त्याच्यासमोर त्या सुट्या भागाचा स्वतःचा क्रमांक. दुकानदाराला हा दुसरा क्रमांक द्यायचा. फॉक्सच्या फोर्कवर खालच्या नळीच्या मागच्या बाजूला चार अक्षरांची खूण चिकटवलेली असते. रॉकशॉक्सच्या फोर्कवर अनुक्रमांक असतो. या खुणांवरून कारखान्यातून निघताना आत काय काय बसवलं होतं ते कळतं. सायकल नवी आहे तोवरच हे सगळे क्रमांक एका वहीत उतरवून ठेवा आणि फोटो काढून ठेवा. दोन वर्षांनी दगड लागून आणि चिकट्या झिजून त्यातलं काही वाचता येत नाही.

या क्रमांकांचा उपयोग दुरुस्तीपुरताच नसतो. सप्टेंबर २०२३ मध्ये शिमानोनं रोड बाइकच्या, म्हणजे डांबरी रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलींच्या काही क्रँक तपासणीसाठी बोलावल्या. जून २०१२ ते जून २०१९ या काळात बनलेल्या. दोन तुकडे चिकटवून केलेल्या या क्रँक उसवू शकतात असं आढळलं होतं. एकट्या अमेरिका आणि कॅनडात अशा सुमारे ७ लाख ६० हजार क्रँक होत्या. आपली क्रँक त्यात येते की नाही, हे ठरत होतं तिच्या मागच्या बाजूला कोरलेल्या दोन अक्षरांवरून. त्या माउंटन बाइकच्या नव्हत्या, पण धडा सगळ्यांनाच लागू आहे.

तेव्हा भाग मागताना चार ओळींची चिठ्ठी लिहावी. पहिली ओळ, भागाचा पूर्ण क्रमांक आणि वर्ष. दुसरी, व्हर्नियरनं घेतलेलं माप, मिलिमीटरमध्ये. तिसरी, कुठून आणि कधी घेतला, पावती आहे का. चौथी, नेमकं काय झालं. "हवा भरली की रात्रभरात उतरते", "नळीवर तेलाचं कडं दिसतं", असं. सोबत स्वच्छ पुसलेल्या भागाचा फोटो. एवढं केलंत तर पत्रापत्रीचे दोन आठवडे वाचतात.

ही चिठ्ठी पाठवायची कुणाला? कंपनी, तिचा देशातला वितरक, त्याच्याखालचा दुकानदार आणि मग आपण, अशी ती साखळी आहे. बहुतेक कंपन्या परक्या देशातल्या ग्राहकाशी थेट व्यवहार करत नाहीत, दुकानदारामार्फत या म्हणतात. फोर्क सायकलीबरोबरच आला असेल, तर पुष्कळदा सायकलीच्या कंपनीच्या दुकानातूनच दावा करावा लागतो. वॉरंटी साधारणपणे पहिल्या मालकालाच असते आणि पावती मागितली जाते. झीज, अपघात आणि वेळेवर न केलेली देखभाल तिच्यात बसत नाही.

आपल्याकडे आणखी एक प्रथा आहे. मुलगा किंवा भाचा अमेरिकेत असतो, सुट्टीवर येताना तो फोर्क घेऊन येतो. भाव बरा पडतो, यात शंका नाही. पण तो फोर्क बिघडला की इथला वितरक म्हणू शकतो, की हा माल माझ्याकडून गेलेला नाही. मग फोर्क पुन्हा सातासमुद्रापार पाठवायचा, परत येताना कस्टमशी पत्रव्यवहार करायचा. वाचलेले पैसे तिथंच जातात. असं काही आणायचंच असेल, तर फोर्कबरोबर त्याची दोन वर्षांची सील आणि खास हत्यारंही त्याच पेटीत मागवा. पेटी एकदाच येते.

माल इथल्या दुकानातून घेतला असेल आणि दुकानदार वॉरंटीचा शब्द पाळत नसेल, तर ग्राहक म्हणून तुमचे हक्क आहेत. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, तुम्ही जिथं राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. विक्रेत्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यासाठी निवडली. साधी सायकल त्यात नाही. युरोपियन युनियननं मात्र २०२३ च्या बॅटरी कायद्यात विजेवरच्या सायकलींचा विचार केला. फेब्रुवारी २०२७ पासून लागू होणाऱ्या तरतुदीनुसार, एखाद्या मॉडेलची शेवटची सायकल बाजारात आल्यानंतर निदान पाच वर्षं तिची बॅटरी सुटा भाग म्हणून मिळायला हवी. सील आणि हँगरसाठी असा कायदा झाला तर बरंच होईल.

पण कायदा असला तरी कंपनी तर टिकायला हवी! मार्झोक्की हे इटलीतल्या बोलोन्याजवळचं जुनं नाव, १९४९ पासूनचं. त्यांच्या बॉम्बर फोर्कची एके काळी मोठी चलती होती. २००८ मध्ये ही कंपनी अमेरिकेच्या टेनेकोकडे गेली. २०१५ मध्ये टेनेकोनं हात आखडता घेतला आणि सायकलींचा विभाग फॉक्सनं घेतला. आज मार्झोक्की नावाचे फोर्क मिळतात, पण त्यांची आतली रचना फॉक्सच्या घराण्यातली आहे. दुकानात पाटी तीच दिसली, म्हणून जुन्या इटालियन फोर्कची सील तिथं मिळेलच असं नाही. ट्रस्ट परफॉर्मन्स या अमेरिकी कंपनीचं उदाहरण तर फार बोलकं आहे. २०१८ मध्ये तिनं वेगळ्याच रचनेचा फोर्क आणला, किंमत २,७०० डॉलर. २०२० मध्ये कंपनीनं कामच थांबवलं. फोर्क हुशारीनं केलेला होता, पण त्याचे भाग दुसरं कुणीच बनवत नव्हतं.

विकणाऱ्यांचंही तेच. उत्तर आयर्लंडमधली चेन रिॲक्शन सायकल्स ही टपालानं माल पाठवणारी मोठी पेढी. आपल्याकडचे अनेक सायकलस्वारही तिथून बारीकसारीक भाग मागवत. २०१६ मध्ये ती विगल या पेढीत विलीन झाली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये हा सगळा व्यवसाय दिवाळखोरीच्या प्रशासकांच्या हाती गेला. २०२०-२१ च्या साथीच्या काळात तर साध्या साखळीसाठीही जगभर महिनोन्‌महिने वाट पाहावी लागली होती. एकाच दुकानावर विसंबून राहू नये, ते यासाठी.

मग आपल्या गावातल्या कारागिरांचा काही उपयोग नाही का? आहे, भरपूर आहे. भोसरी किंवा सातपूरच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये लेथवर बुश, स्पेसर, बेअरिंग काढायचा ठोकळा उत्तम निघू शकतो. मोडलेल्या हँगरचा नमुना दिला तर तसाच तुकडा ॲल्युमिनियममधून कोरून मिळू शकतो. चाकाचा आउट काढणारा जुना मिस्त्री अजूनही कुठल्याही यंत्रापेक्षा कमी नाही. पण कुठं थांबायचं ते कळायला हवं. हँडल, हँडलचा दांडा धरणारे बोल्ट, फोर्कचा वरचा दांडा, ब्रेकची सील आणि कार्बनची चिरलेली फ्रेम, या ठिकाणी अदमासानं केलेलं काम नको. हे भाग मोडताना आधी सांगत नाहीत आणि मोडतात ते उतारावरच.

आता सगळ्याचं सार सांगतो. दुकानात लाखभर रुपये मोजण्याआधी विक्रेत्याला चार प्रश्न विचारा. एक, याची सील, पिस्टन, बेअरिंग सुटी मिळतात का, की आख्खा भागच बदलावा लागतो? दोन, मागच्या मॉडेलचे भाग आज तुमच्याकडे आहेत का? पाच वर्षांपूर्वीच्या फोर्कचं सील काढून दाखवता येईल का? तीन, हँगर, हब आणि सीटचा दांडा कुठल्या मापाचा आहे आणि त्या मापाचा माल आणखी कोण बनवतं? चार, हा फोर्क इथं कोण उघडतं, आणि त्याला किती दिवस लागतात? विक्रेत्यानं चारही उत्तरं न अडखळता दिली, तर थोडे जास्त पैसे गेले तरी तिथूनच घ्या. तो "आधी घेऊन तर बघा" म्हणाला, तर एक पायरी खालचा पण सगळीकडे मिळणारा माल घ्यावा. मधल्या दर्जाची, भाग मिळणारी सायकल दर रविवारी डोंगरात जाते. सर्वोत्तम दर्जाची, भाग न मिळणारी सायकल व्हरांड्यात धूळ खाते.

आणि सायकल आधीच घरात असेल, तर पुढच्या रविवारी निघण्याआधी अर्धा तास काढा. वही घ्या, फडकं घ्या, सगळे क्रमांक उतरवून ठेवा आणि हँगरची मागणी नोंदवून टाका.